गावाचा निरोप्या, घरचा कर्ता : संत चोखोबाराय



माउली, दिंडीच्या शंभर वर्षांच्या या अंकासाठी एकेका संताचं चरित्र एकेकाने लिहायचं ठरलं, तेव्हा ज्ञानोबा-तुकोबा जाणत्या मंडळींनी आधीच वाटून घेतले होते. नामदेवराय घेतले, एकनाथ घेतले. मी चोखोबा मागून घेतले. कीर्तनकार मंडळींना वाटलं, म्हातारा नम्रपणा दाखवतोय. तसं नाही. माझं कारण घरातलं आहे.

आमचे अण्णा डाकवाले होते. केरा आणि कोयना जिथे मिळतात त्या पाटणला कराडकडून टपालाची पिशवी यायची. तिथून वरच्या अंगाच्या वाड्यावस्त्यांची पिशवी अण्णांच्या पाठीला. धरण व्हायच्या आधीची गोष्ट. पावसाळ्यात डोक्यावर इरलं, पायात काही नाही, ओढ्याला पाणी आलं की उतरेपर्यंत अलीकडच्या काठावर बसून राहायचं. मुंबईला गिरणीत आणि गोदीत गेलेल्या पोरांच्या मनिऑर्डरी, कोणी आजारी असल्याचं कार्ड, कोणाला मुलगा झाल्याचं कार्ड. कोपरा फाटलेलं कार्ड पिशवीत दिसलं की अण्णा वाचायच्या आधीच समजायचे, आणि त्या दिवशी त्यांची चाल मंद व्हायची. एवढं चालून घरी आले की आईला पाणी भरू लागायचे आणि आम्हा भावंडांना पाढे म्हणायला लावायचे. वर्षाकाठी रजा एकच, आषाढीची. त्यातही चालणंच.

लहानपणी मी त्यांना विचारलं होतं, की टपाल नव्हतं तेव्हा पत्रं कोण नेत होतं? आता मला ठाऊक आहे की १८५४ साली सरकारने सगळ्या देशाचं एक टपालखातं केलं, अर्ध्या आण्यात पत्र कुठेही जाऊ लागलं आणि १८७९ साली पैशाचं कार्ड आलं. अण्णांना ही सालं माहीत नव्हती. ते म्हणाले, आधी महार न्यायचे. आणि मग त्यांनी दामाजीपंतांची गोष्ट सांगितली.

ती तुम्हाला पाठ आहेच. मंगळवेढ्याला दुष्काळ पडला, दामाजीपंतांनी सरकारी कोठार लोकांना खुलं केलं, बेदरच्या बादशहाने त्यांना धरून आणायला माणसं पाठवली. तोवर दरबारात एक जण येऊन उभा राहिला. कमरेला लंगोटी, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. दामाजीपंतांचा महार विठू अशी त्याने ओळख सांगितली, धान्याचे पैसे मोजून दिले आणि पावती मागून घेतली. ती पावती दामाजीपंतांना पुढे त्यांच्या पोथीत सापडली. देवाला बादशहाकडे जायचं होतं तर तो राजाच्या वेशात जाऊ शकला असता. तो गेला तो थैली आणि चिठ्ठी नेणाऱ्या माणसाच्या वेशात, कारण गावाची थैली आणि गावाची चिठ्ठी नेणारा माणूस तोच होता. अण्णांना या गोष्टीचं फार होतं. पावतीचा भाग आला की ते थांबायचे. पावती घेतल्याशिवाय देवसुद्धा परत आला नाही, हे ते आम्हाला दोनदा सांगत.

चोखोबा त्याच मंगळवेढ्याचे. दामाजीपंतांच्या आधीचे. ज्ञानोबा-नामदेवांच्या मेळ्यातले.

त्यांचा जन्म कुठला यावर दोन-तीन गावं हक्क सांगतात. बुलढाणा जिल्ह्यात देऊळगाव राजाजवळ मेहुणा नावाचं गाव आहे, तिथला जन्म अशी मोठी परंपरा आहे. वास्तव्य मात्र मंगळवेढ्याचं, याबद्दल कोणाचा वाद नाही. पंढरपूरपासून पंचवीसेक किलोमीटर. हे गाव साधं नव्हे. एके काळी कलचुरी राजांची राजधानी इथे होती, बसवेश्वर इथे राहिले, पुढे कान्होपात्रा इथलीच आणि दामाजीही इथलेच. एवढ्या मोठ्या गावाची वेस मोठी आणि वेशीवरचं कामही मोठं.

जन्माची कथा अशी. गावाचे आंबे सरकारात पोचवायचे होते. टोपल्या डोक्यावर घेऊन चोखोबांचे आईबाप वाटेला लागले. वाटेत एक म्हातारा ब्राह्मण भेटला. भूक लागली म्हणून त्याने एक आंबा मागितला. आंबा मोजून दिलेला. एक कमी भरला तर मार खावा लागणार. तरी त्या माउलीने दिला. त्याने चोखून पाहिला आणि आंबट आहे म्हणून परत केला. तिने तो पदरात बांधला. पुढे मोजणीत एक कमी भरला म्हणून तिने तो दाखवायला पदर सोडला, तर आंब्याच्या जागी बाळ होतं. चोखलेल्या आंब्यातून आलं म्हणून चोखा. कथा सांगणारे ठिकाण बदलतात, आंब्यांचा आकडा बदलतात. एक गोष्ट कोणी बदलत नाही : आईबाप दुसऱ्याचं ओझं घेऊन वाटेवर होते, आणि बाळ वाटेतच मिळालं.

आता त्या कामाबद्दल सांगतो. आजच्या पोरांना महारकी म्हणजे काय हे फक्त भाषणातून कळतं. गावच्या वेशीवर रात्री जागायचं. परका माणूस आला तर पाटलाला वर्दी द्यायची. सरकारी माणूस आला तर त्याचं ओझं उचलून पुढच्या गावच्या शिवेपर्यंत वाट दाखवायची, तिथे त्या गावच्या माणसाच्या डोक्यावर ते द्यायचं. सारा गोळा झाला की थैली ठाण्याला पोचवायची. पाटील-कुलकर्ण्यांचे कागद न्यायचे-आणायचे. कोणाच्या घरी मर्तिक झालं की पाहुण्यारावळ्यांच्या गावी खबर द्यायची, मग रात्र असो की पाऊस. शिवेचा तंटा निघाला की साक्ष महाराची, कारण शीव पायाखालून गेलेला माणूस तोच. लाकूडफाटा फोडायचा. मेलेलं जनावर ओढायचं. बदल्यात खळ्यावरचं बलुतं, दारोदार मागितलेली शिळी भाकर, आणि त्या मेलेल्या जनावराचं जे असेल ते.

हातात घुंगरं लावलेली काठी असायची. पुढे सरकारी टपालाचा हरकारा आला, त्याच्या हातातही घुंगरांची काठी होती. जनावर बाजूला व्हावं म्हणून हरकाऱ्याची घुंगरं वाजायची. महाराची वाजायची ती माणसं बाजूला व्हावीत म्हणूनही.

खबर घेऊन पाच कोस आलेला माणूस त्या घरच्या ओट्याखाली उभा राहायचा. आतली बाई रडू लागायची, शेजारपाजार गोळा व्हायचा, आणि बातमी आणणाऱ्याला पाणी हवं असेल तर ते वरून ओंजळीत. गावातलं प्रत्येक दार त्याला माहीत, आणि एकाही दाराच्या आत पाऊल नाही. चोखोबांचं चरित्र समजायला हे एवढं डोळ्यांपुढे असलं पाहिजे. आपण कीर्तनात एकदम देवाने घातलेल्या हारावर जातो, त्यामुळे माणूस राहून जातो.

या माणसाला संसार होता, आणि तो चांगला होता. बायको सोयराबाई. बहीण निर्मळाबाई. बहिणीचा नवरा बंका, तोच सोयराबाईंचा भाऊ, म्हणजे दोन्हीकडून मेहुणा. मुलगा कर्ममेळा. मुलगा उशिरा झाला. बरीच वर्षं घरात पाळणा हलला नाही, आणि सोयराबाईंनी हे दुःख पांडुरंगापाशी बोलून दाखवलं, अशी हकिकत आहे. एकदा चोखोबा कामावर गेलेले असताना एक म्हातारा दारी आला आणि जेवायला मागू लागला. महाराच्या घरचं अन्न मागणारा ब्राह्मण पाहून त्या घाबरल्या. त्याने पुन्हा मागितलं तेव्हा घरात होतं ते वाढलं. त्याने जाताना प्रसाद दिला. पुढे दिवस राहिले.

आता बाळंतपणाची कथा. ही मला सगळ्या कथांमध्ये जवळची वाटते, कारण इथे चोखोबा चुकलेले दिसतात.

सोयराबाईंचे दिवस भरत आले. घरात दुसरं बाईमाणूस नाही, डाळ-तांदूळ नाही, तेल नाही. चोखोबांना काही सुचेना. बहिणीला घेऊन येतो म्हणून ते मेहुणपुरीच्या वाटेला लागले. निर्मळाबाईंच्या घरी पोचले, भजनात बसले आणि तिथेच रमले. निर्मळाबाईंनी विचारलं, वहिनी कशी आहे. उत्तर ऐकून त्या भावावर चिडल्या. अशा वेळी बायकोला एकटी टाकून, नीट न सांगता निघून आलास, हा कुठला परमार्थ, अशा अर्थाचं त्यांनी सुनावलं. निर्मळाबाई साध्या नव्हत्या, त्यांचे स्वतःचे अभंग आहेत आणि भावाला त्या गुरू मानत. गुरूला असं बोलायला बळ लागतं.

इकडे सोयराबाईंना कळा सुरू झाल्या. दार वाजलं. नणंद आली होती. तिने पाणी तापवलं, बाळ मोकळं केलं, नाळ कापली, बाळाला न्हाऊ घातलं, बाळंतिणीला शेकलं, येताना बांधून आणलेलं शिजवून घातलं. काही दिवस राहून ती निघून गेली. पुढे चोखोबा खऱ्या निर्मळाबाईंना घेऊन घरी आले तेव्हा सोयराबाईंना कळेना की आत्ता गेलेली वन्सं पुन्हा कशी आली. मग सगळ्यांना उमगलं की आधी कोण आलं होतं.

देवाच्या अनेक रूपांच्या कथा आपण सांगतो. तो सुईण झाला, ही एवढीच मला माहीत आहे. आणि ज्या कामाला विटाळाचं काम म्हणतात तेच त्याने हातात घेतलं. माझ्या आईला ही कथा इतकी आवडायची की अण्णांनी घरातलं कुठलं काम विसरलं की ती फक्त मेहुणपुरी एवढाच शब्द उच्चारायची. अण्णा मुकाट्याने उठायचे.

चोखोबांना पंढरीची ओढ नामदेवरायांच्या संगतीने लागली. तेच त्यांचे गुरू. मंगळवेढ्याहून पायी जायचं, महाद्वाराबाहेर उभं राहायचं, कळसाला हात जोडायचे आणि परत यायचं. चालायचं त्यांना नवं नव्हतं. पण या वाटेवर डोक्यावर दुसऱ्याचं ओझं नव्हतं. पुढे ते पंढरपुरातच येऊन राहिले.

तिथल्या कथा तुम्ही शंभरदा ऐकल्या आहेत, मी लांबवत नाही. रात्री देवाने हाताला धरून गाभाऱ्यात नेलं आणि गळ्यातला हार घातला. सकाळी हार चोखोबांच्या गळ्यात सापडला तेव्हा चोरीचा आळ आला. बैलांना बांधून ओढायची शिक्षा झाली आणि बैल जागचे हलले नाहीत. त्यांना नदीपलीकडे काढून दिलं तेव्हा त्यांनी तिथे देवळासमोर दीपमाळ उभारली. कळस दिसत होता तेवढा पुरे. पलीकडे एकदा देव त्यांच्यासोबत जेवायला बसले असताना सोयराबाईंच्या हातून दही सांडलं आणि पितांबर भरला. चोखोबा बायकोला देवाचं नाव घेऊन जपून वाढायला सांगत होते, ते जवळून जाणाऱ्या पुजाऱ्याने ऐकलं. त्याला वाटलं ही थट्टा आहे. त्याने चोखोबांच्या थोबाडीत मारली. देवळात येऊन पाहतो तर देवाच्या पितांबरावर दही आणि गाल सुजलेला.

महिपतीबुवांनी १७६२ साली भक्तविजय लिहिला, त्यातही चोखोबा आहेत. तेव्हापासून आपण या कथा ऐकून डोळे पुसत आलो. पण डोळे पुसताना एक प्रश्न राहतो. गाल सुजला ते कळल्यावर पुजाऱ्याने क्षमा मागितली असं सांगतात. दार मात्र उघडलं नाही. त्या दिवशी नाही, त्या वर्षी नाही.

चोखोबांना लिहिता येत नव्हतं. अनंतभट्ट नावाच्या ब्राह्मणाने त्यांचे अभंग लिहून घेतले, अशी परंपरा आहे. सुमारे साडेतीनशे अभंग आज मिळतात. त्यातले जोहार वाचावेत. येसकर धन्याच्या अंगणात येतो, लवून जोहार घालतो आणि गावाची खबर देतो, त्या बोलीत ते रचलेले आहेत. फक्त धनी पांडुरंग आहे, गाव म्हणजे हा देह आहे, आणि हिशेब जन्माचा आहे. पुढे नाथमहाराजांनी हाच घाट घेऊन महाराच्या तोंडून जोहाराची भारुडं रचली. ज्या बोलीत चोखोबा रोज पाटलाच्या दारात उभे राहत, तीच त्यांनी देवाच्या दारात वापरली. नवी शिकले नाहीत.

विटाळावर त्यांनी विचारलेला प्रश्न तर अजून अनुत्तरित आहे. आदी-अंती सगळीकडे विटाळच असेल तर सोवळा कोण, असा त्याचा आशय. सोयराबाईंनी तोच धागा आणखी पुढे नेला. देहाचा विटाळ देहातच जन्मतो, त्याच्याशिवाय देह कोणाचा घडला ते दाखवा, असं त्यांनी विचारलं. बाळंतपणातून उठलेल्या बाईने विचारलेला तो प्रश्न आहे. त्या आपल्या अभंगात स्वतःला चोख्याची महारी म्हणवतात. सगळे रंग मिळून एक झाल्याचा जो अभंग आपण वारीत आणि घरीदारी गातो, तो त्यांचाच. आपल्या दिंडीतल्या किती जणांना हे ठाऊक आहे, कोण जाणे.

घरात पाच माणसं आणि पाचही जणांचे अभंग. नामदेवरायांच्या घराखेरीज असं घर मला दुसरं दिसत नाही. आणि पाचही एका सुरात बोलत नाहीत. चोखोबा कधी आपल्या जन्माचा दोष मागच्या कर्माला लावतात. कर्ममेळा तसं करत नाही. तो देवाला सरळ जाब विचारतो : असा जन्म दिलास, उष्टं खायला लावलंस, यात आम्हाला कसलं सुख, आणि तुला लाज कशी वाटत नाही. बापाने गोड मानून घेतलं ते मुलाने घेतलं नाही. चोखोबांनी त्याला गप्प केल्याचं कुठे ऐकिवात नाही. पोराची कटू वाणीही घराच्या भजनातच राहिली. कीर्तनात आपण कर्ममेळ्याचे अभंग फारसे घेत नाही. घ्यायला हवेत.

शेवट ओझ्याखालीच झाला. मंगळवेढ्याचं गावकूस बांधायचं काम निघालं. वेठीला माणसं बोलावली, त्यात चोखोबाही गेले. देवाच्या संगतीत राहणारा माणूस वेठीतून सुटला नाही. बांधता बांधता भिंत कोसळली आणि सगळे मजूर खाली गाडले गेले. शके १२६०, वैशाख वद्य पंचमी, म्हणजे इसवी सन १३३८. देवगिरीचं राज्य बुडून वीस वर्षं झाली होती. राज्यं गेली तरी वेठ चालू होती.

ढिगारा बरेच दिवस कोणी उपसला नाही. खबर नेणाऱ्याची खबर कोण देणार. अखेर नामदेवराय आले. एवढ्या हाडांत चोखोबांची कुठली हे ओळखायचं कसं, तर एकेक हाड कानाला लावलं आणि ज्यातून विठ्ठलनाम ऐकू आलं ते वेचून घेतलं. ती हाडं पंढरपूरला आणून महाद्वारासमोर समाधी दिली. जिथे उभं राहून ते कळस पाहत, तिथेच. पुढे नामदेवरायही घरच्या माणसांसकट त्याच महाद्वाराच्या पायरीशी राहिले. म्हणून आपण आधी चोखोबा, मग नामदेव पायरी, मग पांडुरंग असं दर्शन घेतो.

यानंतर ६०९ वर्षं गेली. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केलं, आणि त्या वर्षी देऊळ सगळ्यांना उघडं झालं. दुसऱ्या वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्य मूळचे कोण होते यावरचं आपलं पुस्तक नंदनार, रोहिदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीला अर्पण केलं. १९५६ साली त्यांनी नागपूरला बौद्ध धम्म घेतला आणि आपल्या भागातली चोखोबांची लेकरंही बहुतेक त्या वाटेने गेली. १९५८ च्या कायद्याने महारकीची वतनंही संपली.

आता माझ्या घरातलं कारण सांगतो, म्हणजे सुरुवातीला राखून ठेवलेलं पुरं होईल.

अण्णा ज्या वस्त्यांवर टपाल वाटत, त्यातल्या एका गावी महारवाड्याच्या कडेला एक सपाट दगड होता. नोकरीच्या पहिल्या वर्षांत अण्णा त्या वाड्याची पत्रं दगडावर ठेवत आणि हाक मारून मागे सरत. मनिऑर्डर असली की शाईची डबी आणि कागद दगडावर ठेवायचे, समोरच्याने अंगठा उठवायचा आणि बाजूला व्हायचं, मग अण्णांनी पैसे ठेवायचे. पत्र वाचून दाखवायचं असेल तर लांबून मोठ्याने. म्हणजे त्या घरचं सुखदुःख सगळ्या गावाने ऐकायचं. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं, सगळे तसंच करत. दामाजीपंतांची गोष्ट त्यांना तेव्हाही पाठ होती.

देऊळ उघडल्यानंतरच्या वारीत अण्णा महाद्वाराशी रांगेत उभे होते. त्यांच्या पुढे त्याच वाड्यातला एक म्हातारा होता. आपल्या दिंडीत शेवटच्या रांगेच्याही मागे, हातभर अंतर राखून, तो वर्षानुवर्षं टाळ वाजवत यायचा आणि चोखोबांच्या समाधीपाशी थांबायचा. त्या दिवशी तो आत निघाला होता. पायरीशी त्याचा पाय थरथरला आणि तो मागे वळून बघू लागला, कोणी ओरडतंय का म्हणून. अण्णांनी त्याचा दंड धरला. दोघे आत गेले. बाहेर आल्यावर काय बोलणं झालं ते अण्णांनी कधी सांगितलं नाही.

परत आल्यावर पहिल्या टपालाला अण्णा दगडापाशी थांबले नाहीत. वाड्यात गेले, म्हाताऱ्याच्या ओट्यावर बसले, त्याच्या मुलाचं मुंबईहून आलेलं कार्ड हळू आवाजात वाचून दाखवलं आणि पाणी मागितलं. संध्याकाळी आजीने त्यांना अंगणातच अडवलं आणि आंघोळ केल्याशिवाय उंबरा ओलांडू दिला नाही. अण्णांनी आंघोळ केली. दुसऱ्या खेपेलाही तेच झालं. मग काही महिन्यांनी आजी कंटाळली. गावात काही दिवस कुरबुर झाली, एकाने आपलं टपाल अण्णांच्या हातून घ्यायचं नाकारलं. पण दुसरा डाकवाला नव्हता, आणि त्याच्याही पोराची मनिऑर्डर यायचीच.

१९५६ नंतर त्या वाड्याने वारी सोडली. म्हाताऱ्याने माळ उतरवली. आपल्या दिंडीतली काही मंडळी तेव्हा नाराज झाली, अजूनही कोणी कोणी बोलून दाखवतं. मला ते पटत नाही. सहाशे वर्षं ज्याला दाराबाहेर उभं केलं, तो दुसऱ्या दाराने गेला तर रुसायचा अधिकार आपला नाही. म्हातारा टाळ घेऊन अण्णांकडे आला. घरात आता बुद्धवंदना होते, टाळ तसेच पडून राहतील, तर ते वाजते राहावेत म्हणून तुम्ही ठेवा, असं त्याचं म्हणणं होतं. अण्णांनी ते घेतले आणि सवयीने कागद काढून त्याला पावती लिहून दिली : टाळांची जोडी एक, मिळाली. म्हातारा हसला आणि त्याने ती जपून खिशात ठेवली.

अण्णा गेले त्याला बरीच वर्षं झाली. ती जोडी आपल्या दिंडीच्या पेटीत आहे. इतर टाळांपेक्षा वजनाला थोडी जड, एकाच्या काठाला बारीक खाच. मागच्या आषाढीला वाखरीच्या मुक्कामी तिची दोरी तुटली, ती मी नवी ओवली आहे.